नील बेटाचे मासे आणि डब्यातला नवस

नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत एक गृहस्थ मध्येच घुसले होते आणि रांग ही सभ्य समाजाची पहिली अट आहे, हे मी त्यांना समजावून सांगत होतो. त्यामुळे माझ्या पत्नीच्या पिशवीतून एक स्टीलचा डबा बाहेर काढण्यात आला आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. तपासणी करणाऱ्या बाईंनी झाकण उघडले. आत बोराएवढ्या, कोरड्या भाजलेल्या कणकेच्या गोळ्या होत्या.

"ये क्या है, माताजी? दवाई?"

"दवाई नाई हो. मछली का खाना है."

बाईंनी पिशवीत पुन्हा हात घालून पाहिले. "मछली कहाँ है?"

"अंदमान में," कुसुम म्हणाली.

त्या बाई हसल्या, रांगेतले लोक हसले आणि ज्यांना मी नियम शिकवीत होतो ते गृहस्थ तर सर्वांत मोठ्याने हसले. डबा परत मिळाला. विमानात बसल्यावर मी खुलासा मागितला आणि पत्नीने तो खिडकीतून बाहेर पाहत दिला.

आमच्या भागात घरात कोणी गंभीर आजारी पडले की बायका कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर 'राम' लिहितात, त्या कणकेच्या गोळ्यांत भरतात आणि त्या गोळ्या नदीतल्या माशांना घालतात. पवनारला धाम नदीच्या काठी हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याविरुद्ध दोन पत्रेही लिहिली आहेत, कारण कणकेपाठोपाठ प्लास्टिकच्या पिशव्याही नदीत जातात. गेल्या वर्षी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मी आत होतो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून कुसुमने अशा एकशे आठ चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. ही गोष्ट मला पूर्व किनाऱ्यावरच्या ढगांतून जाताना प्रथमच कळत होती.

"मग पवनार काय वाईट होते?" मी विचारले. "घरून पाऊण तासाचा रस्ता."

"एवढं मोठं मागनं मागतलं, त्याले नदीतले मासे पुरतीन का? म्या म्हनलं, मानूस घरी येऊ दे, समुद्रातल्या माशांले माह्या हातानं खाऊ घालीन." मग ती म्हणाली, "तुमी घरी आले. आता माह्यं राह्यलं."

सहलीचे तिकीट आमच्या मुलीने, वैशालीने काढून दिले होते. हवापालट म्हणून, असे तिचे म्हणणे होते. समुद्रच का निवडला, याचे उत्तर त्या विमानात मिळाले. मायलेकींनी मला कल्पना न देता सर्व ठरवले होते. मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. पक्षकाराला नोटीस न देता केलेल्या कारवाईबद्दल माझे मत सर्वांना ठाऊक आहे. तरी मी त्या वेळी फक्त खुर्चीचा पट्टा आवळला.

नील बेट

पोर्ट ब्लेअरहून बोटीने नील बेटावर पोहोचेपर्यंत वर्णन करण्यासारखे काही घडले नाही. मला मळमळले, एवढे नोंदवून पुढे जातो. या बेटाचे सरकारी नाव आता शहीद द्वीप आहे. पुढे मला एक अर्ज करावा लागला, त्यात मी तेच लिहिले. पण तिथले लोक नीलच म्हणतात आणि त्यांच्या तोंडी ते इतके गोड लागते की मला दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

आमचा मुक्काम बिप्लब आणि मिनती या जोडप्याच्या घरी होता. बिप्लब पन्नाशी उलटलेला, काळासावळा, अंगाने सडसडीत. त्याचे वडील पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन इथे आले. "बाप मछली मारता था, मैं दिखाता हूँ," असे तो स्वतःचे घराणे एका वाक्यात सांगतो. पाहुण्यांना जलमुखवटा आणि श्वासाची नळी लावून प्रवाळांवर पोहायला नेणे हा त्याचा व्यवसाय. मिनती घर पाहते, रांधते आणि दिवसभर कोंबड्यांशी भांडते.

बेट पाहून मला आमच्या रोहणा या गावाची आठवण झाली, हे सांगितले तर लोक हसतील. पण समुद्राकडे पाठ केली की तिथेही शेतीच आहे. वांग्यांचे वाफे, केळी, भेंडी आणि सायकलच्या मागे भाजीची टोपली बांधून जाणारे म्हातारे. रोहण्याच्या मानाने गवत मात्र फारच हिरवे. आमच्याकडच्या माणसाला इतके हिरवे गवत पाहून थोडा संशयच येतो.

दुपारच्या जेवणात मिनतीने आमच्यासाठी वांग्याचे तळलेले काप, डाळ आणि पपईची भाजी केली होती. स्वतःच्या ताटात मोहरीच्या रसातला मासा वाढून घेताना तिने आमच्या येण्याची चौकशी केली. आम्ही शाकाहारी आहोत, हे तिने सोसले. पण कुसुमने डब्याची हकीकत सांगितली तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"माछ को खिलाने आया? इतना दूर से?" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "देखो! दुनिया माछ को खाता है, ये लोग माछ को खिलाता है!"

कुसुम हसली. वर्ध्याहून आणलेला गोरसपाक, आमच्याकडचे तुपातले बिस्किट, तिने मिनतीच्या पुढे ठेवला. मिनतीने तो चहात बुडवून खाल्ला, दुसरा घेतला आणि तिसरा पदरात बांधून ठेवला. त्या दोघींची मैत्री त्या क्षणी पक्की झाली. बिप्लब मात्र हसला नव्हता.

"दीदी," तो हळूच म्हणाला, "बीच पे बोर्ड देखा ना?"

फलक

तो फलक मी पाहिला. नुसता पाहिला नाही, उभे राहून पूर्ण वाचला, आणि चार वाजता पुन्हा जाऊन वहीत उतरवून आणला. प्रवाळ तोडू नये, प्रवाळावर उभे राहू नये, शंखशिंपले उचलू नयेत, माशांना कोणत्याही प्रकारचे खाद्य टाकू नये. उल्लंघन दंडनीय. फलक स्वच्छ होता, अक्षर शुद्ध होते आणि चारही कलमांत एकही पळवाट नव्हती. एरवी असा फलक पाहून मी समाधानाने परतलो असतो.

"कुसुम, तू फलक वाचलास?"

"वाचला."

"मग?"

"मंग काय? थो मानसांसाठी हाय. मी त मानसांले काई खाऊ घालून नाई राह्यली."

"तू माणूस आहेस. टाकणारी तू आहेस."

"तुमी कायद्याचं नोका सांगू मले. चाळीस साल आयकलं." तिने डबा मांडीवर घेतला. "उद्याचा एक दिवस हाय आपल्यापाशी. परवाची बोट हाय. नवस बोलली तवा तुमचं तोंड कसं होतं ते तुमी पाह्यलं नाई. म्या पाह्यलं."

मी कायद्याच्या बाजूने इतका का भांडतो, हे माझ्या घरच्यांनी कधी विचारले नाही, म्हणून इथे लिहितो. न्यायालयाच्या कार्यालयात चौतीस वर्षे काढल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. नियम सर्वांना सारखा असतो. अपवाद मात्र नेहमी ओळखीच्या माणसाला मिळतो. ज्याची कुणाशी ओळख नाही, असा धोतराच्या सोग्यात कागद बांधून आलेला माणूस नियमाच्याच आधाराने उभा असतो. म्हणून अपवाद मागणाऱ्या मनुष्याविषयी मला तिटकारा आहे. कितीतरी वकिलांना मी खिडकीतून तसा परत पाठवला आहे.

आणि त्या दुपारी नारळाखाली बसून मी स्वतः अपवादासाठी अर्ज लिहिला.

'विषय : धार्मिक नवसपूर्तीस्तव माशांना एकवेळ खाद्य देण्याची परवानगी मिळणेबाबत.' हिंदीत लिहिला, दोन प्रतींत. चिठ्ठ्यांचा कागद विरघळणारा आहे, असे एक वाक्य मनात आले होते. ते मला खात्रीने ठाऊक नसल्याने लिहिले नाही. अर्ज घेऊन मी वनखात्याच्या लहानशा कार्यालयात गेलो. तिथे एक वनरक्षक बाई रोपांच्या पिशव्यांत माती भरीत बसल्या होत्या. हात धुऊन त्यांनी अर्ज घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"अंकलजी, नहीं हो सकता."

"लिखित में दीजिए," मी म्हणालो.

मला वाटले होते, आता नेहमीचे सुरू होईल. साहेब नाहीत, उद्या या, इथे नव्हे तिथे द्या. त्या बाईंनी माझ्याच पेनने माझ्याच अर्जाच्या तळाशी लिहिले की प्रवाळक्षेत्रात माशांना खाद्य देण्याची परवानगी कोणालाही देण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. खाली सही, तारीख, शिक्का. सारे दहा मिनिटांत. 'कोणालाही' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली होती. सेवेत असताना आणि निवृत्तीनंतर मी इतकी पत्रे लिहिली, पण इतके स्वच्छ उत्तर मला क्वचितच मिळाले असेल. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि जवळजवळ आनंदातच घरी आलो.

कुसुमने कागद वाचून माझ्या हातात परत दिला.

"तुमाले उत्तर भेटलं म्हनून तुमी खुश. माह्यं काय?"

मग मी तिला तोड सुचवली. नवस समुद्रातल्या माशांचा आहे. परतताना बंदरात, जिथे प्रवाळ नाहीत आणि तो फलकही नाही, तिथे गोळ्या घातल्या तर शब्द पाळला जातो.

"बंदरात? त्या डिझेलाच्या पान्यात?" ती उठून आत जाताना म्हणाली, "देवापाशी वकिली करू नोका. त्यानं तुमाले परत देताना पळवाट पाह्यली नव्हती."

पाण्याखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागण्याच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर गेलो. बिप्लबने प्रत्येकाकडून भरून घ्यायचा छापील फॉर्म पुढे केला. लोक तो न वाचता सही करतात. मी वाचला. 'हृदयविकार आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय' असे लिहून शस्त्रक्रियेचा तपशील मागच्या बाजूस लिहिला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. 'तरंगण्याचे जाकीट घालून, मार्गदर्शकासोबत, उथळ पाण्यात हरकत नाही', असे त्यांच्याकडून मी मुद्दाम लिहून घेतले होते.

बिप्लबने फॉर्म दोनदा वाचला. "दादा, इतने साल में पहला आदमी, जो सच लिखा."

"तुमी ह्याहीले उथळ पान्यातच ठेवा," कुसुमने त्याला मराठीतच बजावले आणि त्याला ते कळले.

ती वैशालीच्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, पण तिला लुगड्याखेरीज दुसऱ्या पोशाखात मी प्रथमच पाहत होतो. वर नारिंगी जाकीट. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, "हसू नोका. तुमी बँडवाल्यासारखे दिसून राह्यले." जाकिटाच्या आत तिने मूठभर गोळ्या रुमालात बांधून खोवल्या होत्या. मी पाहिले. मी पाहिले आहे, हे तिनेही पाहिले. आयुष्यात मी शेजाऱ्यांविरुद्ध, नगरसेवकाविरुद्ध आणि एकदा सख्ख्या मेहुण्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. त्या वेळी मी जाकिटाचे बक्कल लावत उभा राहिलो आणि ते बक्कल माझ्याने लवकर लागेना.

पहिला प्रयत्न माझ्या मिशांमुळे फसला. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. माझ्या मिशा झुपकेदार आहेत आणि त्यांच्यातून पाणी आत झिरपू लागले. नाकात खारट पाणी गेले. मी ठसकलो, संतापलो आणि या मुखवट्याच्या उत्पादकाने भारतीय पुरुषाचा विचार केलेला नाही, असे मोठ्याने सांगितले. कुसुम पाण्यात उभी राहून इतकी हसली की तिला बिप्लबचा हात धरावा लागला.

"काट देंगे दादा?" बिप्लबने विचारले.

"मिशा? कदापि नाही."

मग मिशांवर व्हॅसलीनचा जाड थर देण्यात आला. त्या अवस्थेतले माझे छायाचित्र वैशालीकडे आहे. तिने ते कोणालाही दाखवू नये, अशी मी तिला लेखी सूचना दिली आहे.

पण त्यानंतर मी तोंड पाण्यात घातले आणि सर्व संताप विसरलो.

वरून समुद्र नुसता निळा दिसतो. आत मात्र गाव आहे. कुठे फुलकोबीच्या गड्ड्यासारखे प्रवाळ, कुठे अक्रोडाच्या गरासारखे, तर कुठे हरणाच्या शिंगांचे रान. एका खडकावर पांढरट, मऊ काहीतरी फुटून आले होते आणि मला दिवाळीच्या सुमाराची कपाशी आठवली. त्यांच्यामधून मासे ये-जा करीत होते, आठवडी बाजारात माणसे करतात तशी, कोणाला धक्का न लावता. एक पिवळाधमक होता, ताटलीसारखा चपटा. एकाच्या अंगावर कोणीतरी शाई सांडल्यासारखे निळे होते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन इवले मासे एका झुपक्यातून डोके काढून माझ्याकडे पाहत आणि पुन्हा आत शिरत. आमच्या कॉलनीत मी फिरायला निघालो की लोक खिडकीतून असेच पाहतात.

आणि आवाज! पाण्याखाली शांतता असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सारखा करकर-करकर आवाज येत होता. गोठ्यात बैल कडबा चावतो तसा. हिरव्या-निळ्या अंगाचा, पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला मासा खडक कुरतडीत होता. आम्ही श्वास घ्यायला उभे राहिलो तेव्हा बिप्लबने सांगितले की हा मासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो, दगड पोटात दळतो आणि वाळू करून टाकतो. बेटावरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच.

"म्हंजे आपन काल बसलो होतो त्याच्यावर..." कुसुमने विचारले.

"हाँ दीदी. वही."

"अगं बाई."

मग त्याने एका खडकाच्या उभ्या बाजूकडे बोट दाखवले. तिथे तळहाताएवढा जांभळा डाग होता, खसखस चिकटवल्यासारखा. त्याच्यापुढे एक बोटभर लांब मासा, पिवळसर पाठीचा, अंगावर काळे उभे पट्टे, सारखा इकडून तिकडे फिरत होता. कोणी जवळ आले की त्याच्या अंगावर धावून जाई.

"ये अंडा है," बिप्लब म्हणाला. "और ये बाप है. माँ अंडा देके चली जाती है. जब तक बच्चा नहीं निकलता, बाप पहरा देता है. खाने भी नहीं जाता."

"बाप?" कुसुमने माझ्याकडे पाहिले. "आमच्याकडचे बाप त पत्र लिहत बसतात."

आम्ही तिघेही पुन्हा पाण्यात तोंड घालून त्या माशाकडे पाहू लागलो. बिप्लब मध्ये, त्याने दोन्हीकडे आमचे हात धरलेले. थोड्या वेळाने कुसुमने आपला हात सोडवून घेतला. तिने जाकिटातून रुमाल काढला. मुखवट्यातून ती मला स्पष्ट दिसत होती. ओरडावे, तर तोंडात नळी होती. बिप्लबला खुणावता आले असते. मी खुणावले नाही, हे मी इथे स्वतः लिहून ठेवीत आहे.

तिने मूठ पुढे केली. अजून उघडलीही नव्हती. त्याआधीच चहूकडून मासे धावून आले, वीस, पन्नास, किती ते सांगता येणार नाही. त्यांना बंद मूठ ओळखीची होती. आमच्यापूर्वी कितीतरी जण फलक न वाचता येऊन गेले असले पाहिजेत. मासे तिच्या बोटांना, मनगटाला, रुमालाला टोचू लागले. तिची मूठ सैल झाली आणि एक गोळी सुटली.

तेव्हा तो पहारा देणारा मासाही आला. उपाशी होता बिचारा. जांभळ्या डागाकडे पाठ करून त्याने गोळीवर झडप घातली आणि तेवढ्या अवधीत बाकीचे मासे, आत्ताच तिच्या बोटांशी खेळणारे, त्या डागावर तुटून पडले. मी डोळ्यांनी पाहिले. एक घास, दुसरा घास. डागाची एक कड पांढरी पडली.

कुसुमने मूठ आवळली. पोहता न येणारी ती बाई दोन्ही पाय मारीत खडकाशी गेली, आणि पीक राखणारा गोफण फिरवतो तसा तिने हात गरागरा फिरवायला सुरुवात केली. मासे पांगत, पुन्हा येत. ती पुन्हा हात फिरवी. बाप परतला आणि तिच्याच हातावर तुटून पडला. तिने त्याला चावू दिले. तो आपल्या जागी ठाम उभा राहिलेला पाहेपर्यंत ती हलली नाही.

पाण्याबाहेर डोके काढले तेव्हा तिचा मुखवटा आतून भरला होता. त्यातले पाणी समुद्राचे नव्हते.

"भाऊ," ती बिप्लबला म्हणाली, "चुकलं माह्यं. मैंने डाली. एक."

बिप्लबने रुमाल पाहिला. त्याचा चेहरा कठीण झाला. तो बुडी मारून खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या बोटांत कागदाची ओली चिठ्ठी होती. ती त्याने तिच्या तळव्यावर ठेवली.

"दीदी, कोई देख लेता तो मेरा परमिट जाता," तो म्हणाला. मग तिच्या बोटावरचा लालसर चावा त्याला दिसला आणि त्याचा आवाज उतरला. "चलिए. ठंड लग जाएगी."

किनारा

किनाऱ्यावर एक मोठे झाड आहे. तिथले लोक त्याला समुद्री महुआ म्हणतात. आमच्या मोहाशी नावाखेरीज त्याचा संबंध मला आढळला नाही. त्याच्या सावलीत कुसुम पाय पसरून बसली. डबा शेजारी. तिला असे बसलेले पाहणे मला सोसत नाही. म्हणून मी युक्तिवाद केला.

"एक गोळी माशाने खाल्ली आहे. तू स्वतःच्या हाताने दिलीस. किती गोळ्या घालीन, हे तू नवसात बोलली नव्हतीस. तेव्हा शब्दशः पाहता—"

"त्यानं खाल्ली अन् त्याची लेकरं गेली. हे देवाच्या नावावर टाकता तुमी?"

मी डब्यावरची वाळू झटकली.

"तुमी आत होते," ती समुद्राकडे पाहत म्हणाली, "तवा मी बाकावर बसली होती. थो मासा बी तसाच. जरा नजर काढली, की गेलं." मग अगदी हळू म्हणाली, "आता राह्यला न नवस. तुमाले काई झालं त मी कोनाले काय सांगू?"

मी अंधश्रद्धाळू मनुष्य नाही. तरीही लिहितो, की त्या वेळी माझा हात छातीवरच्या व्रणाकडे गेला.

तेवढ्यात एक कुटुंब पाण्याकडे निघाले. नवरा, बायको, दोन मुली. बाईंच्या हातात पावाची पुडकी होती. मी वही काढली. नाव विचारायचे, वेळ नोंदवायची, फलकाचा हवाला द्यायचा, अशी माझी रीत ठरलेली आहे. पण मी उठण्यापूर्वीच कुसुम उठून चालू लागली होती, ओल्या सलवारीत, केस सुटलेले.

"ओ बाई! रुको! ब्रेड मत डालो."

"क्यों?" त्या बाई म्हणाल्या. "मछलियों को खिलाना तो पुण्य का काम है."

"मालूम है. मैं बी पुन्य करने आई थी. वर्धा से. डब्बा भरके." तिने आपले बोट त्यांच्यापुढे धरले. "ये देखो. उधर एक बाप अपने अंडे के पास खडा है. तुम ब्रेड डालोगे, वो खाने आएगा, और उसके बच्चे दूसरे खा जाएँगे. मेरे हात से हुआ. अभी हुआ."

"आप यहाँ की कर्मचारी हो क्या?" नवऱ्याने विचारले.

"कर्मचारी कायकी? मेरा आदमी कर्मचारी था, वो बैठा है उधर. उसको कायदा पूछो. मैं तो जो देखी, वो बोल रही."

मोठ्या मुलीने आईच्या हातातून पुडके काढून घेतले. "मम्मी, रहने दो ना. आंटी, अंडे कहाँ हैं? दिखाओगे?"

कुसुम त्यांना घेऊन कंबरभर पाण्यात गेली. बिप्लबलाही तिने हाक मारून बोलावून घेतले. त्यानंतर आणखी एक जोडपे आले, त्यांच्याकडे बिस्किटे होती. मग शाळेतल्या शिक्षकांचा एक घोळका आला. ती प्रत्येकाला थांबवी, प्रत्येकाला तेच सांगे, बोट दाखवी. कोणी हसत, कोणी चिडत, पण पाण्यात काही टाकले गेले नाही. मी माझ्या वहीसह झाडाखाली बसून होतो. ओहोटी लागली, पाणी मागे सरले आणि माणसे पांगली, तेव्हा ती परत आली. चेहरा उन्हाने तांबडा झालेला.

"चला," ती म्हणाली. "झालं माह्यं."

"काय झाले?"

"नवस." तिने डबा उचलून माझ्या हातात दिला. "खाऊ घालीन म्हनलं होतं. ते मले समजलं तेवढं म्हनलं. राखनं त्याच्याहून मोठं हाय. ह्या गोळ्या मिनतीच्या कोंबड्यांले घालू. पन पह्यले चिठ्ठ्या काढून घ्या तुमी. राम कोंबडीच्या पोटात नोको."

दुपारी आम्ही बिप्लबच्या ओसरीवर बसलो. मी गोळ्या फोडून चिठ्ठ्या काढीत होतो आणि कुसुम त्या सुपात सारख्या करून ठेवीत होती. कोंबड्या पायाशी घोटाळत होत्या. मिनती हसून हसून थकली होती आणि आता कौतुकाने एकेक चिठ्ठी उलगडून पाहत होती. काही चिठ्ठ्यांवरचे अक्षर नीट होते, काहींवरचे इतके वाकडे, की 'राम' ओळखूही येऊ नये. त्या बाकावरचे ते दिवस मी असे एकेक करून पाहिले.

नवस बोलताना वापरलेले शब्द मला ठाऊक होते. त्यात राखणीचा उल्लेख नव्हता. ज्याला नवस बोलला होता, त्याची या बदलास संमती असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. आणि स्वतःच्या नवसाचा निवाडा स्वतःच द्यायचा, हे कोणत्याही न्यायपद्धतीत बसणारे नाही. हरकती सबळ होत्या आणि त्या मांडायला माझ्यापाशी अख्खी दुपार होती.

"काऊन थांबले?" कुसुमने विचारले.

मी पुढची गोळी फोडली.